दोन पात्यांची कावड



धानाची कापणी उरकत आली म्हणजे गोंदिया जिल्ह्यांतील बांध्यांमधून एक दृश्य पूर्वीं हमखास दिसे, आणि आडबाजूच्या गांवीं तें अद्यापहि पाहावयास मिळतें. बांबूची लवचिक दांडी खांद्यावर, तिच्या दोन्ही टोंकांना भारे, आणि मधला माणूस तिच्या हेलकाव्याशीं पाऊल जुळवून झपाझप चाललेला. नवेगांवबांधाच्या बाजूचे ढिवर मासळीच्या टोपल्याहि अशाच नेत. कावड आपल्याला इतकी नित्याची आहे कीं, तिच्यांत यंत्रशास्त्रांतलें एक मोठें तत्त्व दडलें आहे हें कोणाच्या ध्यानींमनींहि येत नाहीं.

याच जिल्ह्यांत, गोंदिया शहरापासून दहाबारा किलोमीटरांवर, बिरसीची धांवपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत, १९४० सालीं, इंग्रज सरकारनें ती बांधली. पुढें ती अनेक हातांतून गेली आणि २००५ सालीं भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ताब्यांत आली. त्यानंतर तेथें वैमानिकांचें शिक्षणहि सुरू झालें. धानाच्या बांध्यांवरून शिकाऊ विमानें घिरट्या घालतात, कधीं एखादें हेलिकॉप्टर येतें, आणि तें आलें म्हणजे आसपासच्या गांवचीं मुलें हातांतलें काम टाकून अंगणांत येतात. त्या मुलांपैकीं कोणास मीं सांगितलें कीं, डोक्यावरून जें गेलें तें कावडीच्या तत्त्वावर चालतें, तर तो माझी थट्टा करील. तथापि ज्या हेलिकॉप्टरांना दोनच पातीं असतात, त्यांच्यापुरतें हें विधान अगदीं शब्दशः खरें आहे. पातें मधल्या दंडाला कसें जोडावें, एवढ्या एका सांध्याचा इतिहास आज मी सांगणार आहें. हा इतिहास सुमारें शंभर वर्षांचा आहे, आणि त्यांत माणसें मेलीं आहेत. त्यांतलें एक मरण तर आपल्या विदर्भांतलें आहे.

प्रथम पात्यावर काय काय गुजरतें तें पाहूं. एक मध्यम आकाराचें यंत्र कल्पनेंत घेऊं. त्याचें वजन १,००० किलो, पातीं दोन, प्रत्येक पातें साडेपांच मीटर लांब आणि ४० किलो वजनाचें, आणि फेरे मिनिटाला ३५०. गणित करून पाहिलें तर पात्याचें टोंक ताशीं सुमारें ७२५ किलोमीटर वेगानें धांवतें, आणि गोफणींतल्या दगडाप्रमाणें बाहेर निसटूं पाहणाऱ्या त्या पात्याची मुळाशीं ओढ भरते सुमारें १५ टन. आंकडा भयंकर आहे खरा. परंतु ही ओढ एकसारखी आणि सरळ असते, आणि सरळ ओढीचें पोलादाला फारसें भय नसतें. पातें मरतें तें वांकण्यानें. त्यांतहि पुन्हां पुन्हां उलटसुलट वांकण्यानें.

हें वांकणें येतें कोठून? प्रत्येक पात्याला ५०० किलो वजन उचलावयाचें आहे, आणि ही उचल मुळापासून सरासरी चार मीटरांवर लागू होते असें धरूं. म्हणजे चार मीटर लांबीच्या पहारीचें एक टोंक भिंतींत चिणून दुसऱ्या टोंकाला पांच क्विंटल धान टांगण्यासारखें हें झालें, फक्त दिशा खालीं न जातां वर. यंत्र जागच्या जागीं तरंगत असेल तोंवर हा भारहि स्थिर असतो. पण तें ताशीं १०० किलोमीटर वेगानें पुढें निघालें कीं, पुढें येणाऱ्या पात्याचें टोंक वाऱ्याला ८२५ च्या वेगानें भिडतें, आणि मागें जाणाऱ्याचें ६२५ च्या. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो. म्हणून टोंकाशीं एका बाजूस दुसरीच्या जवळजवळ पावणेदोनपट जोर. अर्ध्या फेऱ्यांत पातें वर ओढलें जाणार, उरलेल्या अर्ध्यांत सैल पडणार. असें मिनिटाला ३५० वेळां, तासाला २१,००० वेळां, आणि हजार तासांत दोन कोटि दहा लाख वेळां. लोखंडाची तार एका झटक्यानें तुटत नाहीं, परंतु दहावीस वेळां इकडे तिकडे वांकविली कीं तुकडा हातांत येतो, हा अनुभव आपणां सर्वांस आहे. जर्मनींतील ऑगस्ट वोलर या रेल्वे-इंजिनियरानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाडीच्या आंसांवर प्रयोग करून दाखविलें कीं, जो भार एकदां दिला असतां धातूला कांहींहि होत नाहीं, तोच लाखों वेळां दिला तर धातु थकते आणि तुटते. गोंदियासारख्या जंक्शनावर जुन्या काळीं डब्यांच्या चाकांवर हातोडी मारून नाद ऐकत जाणारा जो मनुष्य दिसे, तो हाच थकवा हुडकीत असे.

आतां स्पेनकडे वळूं. हुआन दे ला सिएर्वा हा तेथील इंजिनियर. त्याचें यंत्र हेलिकॉप्टर नव्हतें. त्याला तो ऑटोजायरो म्हणे. इंजिन पुढच्या पंख्याला फिरवी आणि डोक्यावरचें चक्र केवळ वाऱ्यानें फिरे. १९२० ते १९२२ या काळांत त्यानें तीन यंत्रें बांधलीं. तिन्हींचीं पातीं मधल्या तुंब्याला घट्ट बसविलेलीं होतीं, आणि तिन्हीं यंत्रें उडण्याच्या बेतांत आलीं कीं एका कुशीवर कलंडत. कारण वर सांगितलेंच आहे: एका बाजूची उचल जास्त, दुसरीची कमी. चमत्कार असा कीं, त्याची लहान प्रतिकृति मात्र सुरेख उडे. बराच विचार केल्यावर सिएर्वाच्या लक्षांत आलें कीं, प्रतिकृतीच्या पात्यांचे कणे वेताचे होते. वेत लवत होता, आणि लवून एका बाजूचा अतिरिक्त जोर तो आपल्या पोटांत घालीत होता. मोठ्या यंत्राच्या ताठ पात्यांना ती सोय नव्हती.

मग त्यानें प्रत्येक पात्याच्या मुळाशीं एक आडवी बिजागरी दिली. जानेवारी १९२३ मध्यें माद्रिदजवळ गेताफे येथें त्याचें चौथें यंत्र सरळ उडालें. दाराच्या बिजागरीचा गुण आपण जाणतों: दार कितीहि हलवा, तें हलणें चौकटीला वांकवीत नाहीं. तसेंच येथें. पुढें येणारें पातें जोर लागतांच वर उचललें जातें. वर जातां जातां वाऱ्याशीं त्याचा कोन कमी होतो आणि जोर आपोआप घटतो. मागें जाणारें पातें खालीं येतें आणि त्याचा कोन वाढतो. कोणी विचारील, पातें बिजागरीवर सैल सोडलें तर तें छत्रीसारखें वर उलटत कां नाहीं? तें आवरून धरते ती पंधरा टनांची ओढ. वर घेतलेल्या उदाहरणांत पातें जेमतेम दोन अंश वर उचललें गेलें कीं उचल आणि ओढ यांचा तोल साधतो. भिंतींत चिणलेल्या पहारीनें जो भार सोसावयाचा, तो दोन अंशांच्या कलण्यानें नाहींसा झाला! यंत्रविद्येंत इतक्या अल्प मोलांत इतकें मोठें सुख क्वचितच पदरांत पडतें.

परंतु सुख पूर्ण नव्हतें. फुगडी खेळणाऱ्या मुली हात आखडून जवळ आल्या कीं गरकन् वेगानें फिरतात, लांब गेल्या कीं मंदावतात. फिरतें पातें बिजागरीवर वर उचललें गेलें म्हणजे त्याचा भार दंडाच्या किंचित् जवळ येतो, आणि तें पातें इतरांपुढें धांवूं पाहतें. खालीं आलें कीं रेंगाळूं पाहतें. सिएर्वाच्या बिजागरीनें वरखालीं हलण्याची मोकळीक दिली होती, पुढेंमागें हलण्याची नाहीं. त्यामुळें पातें आतां पसरट अंगानें न वांकतां धारेच्या अंगानें वांकूं लागलें, प्रत्येक फेऱ्यास एकदां. फेब्रुवारी १९२७ मध्यें इंग्लंडांत हॅम्बल येथें फ्रँक कोर्टनी हा वैमानिक सिएर्वाचें यंत्र उडवीत असतां पातें मुळाशीं तुटून गेलें आणि यंत्र कोसळलें. कोर्टनी जखमी झाला, पण वांचला. त्यानंतर सिएर्वानें दुसरी, उभी बिजागरी घातली, म्हणजे पात्याला पुढेंमागें होण्यासहि थोडी मुभा मिळाली. सिएर्वा स्वतः डिसेंबर १९३६ मध्यें क्रॉयडन येथें वारला. तोहि आपल्या यंत्रांतून नव्हे, तर साध्या प्रवासी विमानाच्या अपघातांत.

या दोन अपघातांच्या मध्यें जें शिकावयाचें तें मला असें वाटतें: बिजागरी ताण नाहींसा करीत नाहीं. ती त्याला एका जागेवरून उठविते, आणि तो दुसरीकडे जाऊन बसतो. कोठें बसला हें शोधून काढण्याचें काम पूर्वीं बहुधा मोडलेल्या पात्यानेंच केलें आहे.

पुढें जर्मनींत फोके यानें, अमेरिकेंत सिकोर्स्की यानें हेलिकॉप्टरें उडविलीं. सिकोर्स्कीचें यंत्र सप्टेंबर १९३९ मध्यें प्रथम जमिनीवरून उठलें. या मंडळींनीं सिएर्वाच्या दोन्ही बिजागऱ्या पत्करल्या आणि तीन किंवा अधिक पातीं वापरलीं. उभ्या बिजागरीमुळें नवें दुखणें मात्र जडलें. यंत्र जमिनीवर उभें असतांना पातीं पुढेंमागें विस्कटलीं, म्हणजे सगळ्या चक्राचा तोल बिघडून यंत्र थडथडूं लागे आणि कांहीं सेकंदांत आपले तुकडे करून घेई. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक पात्यास दट्ट्या जोडावा लागला. बिजागऱ्या, दट्टे, तेल, वंगण: तुंबा म्हणजे एक गिरणीच होऊन बसली.

या साऱ्या गुंत्याकडे पाठ फिरवून आर्थर यंग नांवाच्या एका अमेरिकनानें कावडीची वाट धरली. हा मनुष्य मोठा विलक्षण. १९०५ सालीं जन्मला, प्रिन्स्टन येथें गणित शिकला, आणि मनानें होता तत्त्वज्ञ. उतारवयांत त्यानें विश्वाच्या घडणीवर ग्रंथहि लिहिले. त्यानें पात्यांना निरनिराळ्या बिजागऱ्या दिल्याच नाहींत. दोन्ही पातीं एकाच जुवाला घट्ट जोडलीं, आणि तें जूं मधोमध एका खिळीवर दंडाच्या शेंड्यास टांगलें. एक पातें वर गेलें कीं दुसरें तेवढेंच खालीं. उभी बिजागरी नाहीं, दट्टे नाहींत, आणि म्हणून जमिनीवरचें तें थडथडणेंहि नाहीं. उड्डाणांत यंत्र स्थिर राहावें म्हणून त्यानें पात्यांशीं काटकोनांत एक वजनदार दांडीहि जोडली. पण ती निराळी कथा आहे.

आतां आपली कावड पुढें घेऊं. एका टोंकाचा भारा जड झाला तर दांडी कलते. खांदा तिला अडवीत नाहीं, आणि म्हणून पिळवटतहि नाहीं. यंगच्या चक्रांत पुढें येणाऱ्या पात्यावर जोर वाढतो आणि मागच्यावर घटतो, तेव्हां तें असेंच कलतें, आणि प्रत्येक फेऱ्यास एकदां येणारा तो मोठा हेलकावा पात्याला न वांकवितां निघून जातो. दंडालाहि तो कळत नाहीं. परंतु दांडी पाहा. खांद्याला पीळ बसत नसला तरी बांबू मात्र वांकलेला असतोच, आणि सर्वांत अधिक वांकतो तो नेमका खांद्यावर. तुटला तर तेथेंच तुटतो. दोन्ही पात्यांची उचल दोन्ही टोंकांना सारखी वर खेचते, दंड मधोमध खालीं खेचतो, आणि तो वांक जुवाच्या पोटांतून आरपार जातो. खिळी याला मुळींच सोडवीत नाहीं, कारण ती दोन्ही पात्यांना एकाच वेळीं वर जाऊं देत नाहीं.

आणखी एक गोष्ट. भरलेली कावड घेऊन चालणाऱ्याच्या पावलागणिक दोन्ही भारे एकदम खालीं आणि एकदम वर होतात. हा हेलकावा कलण्यानें जिरत नाहीं. बांबूनेंच तो लवून सोसावा लागतो. दोन पात्यांच्या चक्रांतहि असे दोन प्रकारचे हेलकावे असतात. जे फेऱ्यास एकदां, तीनदां, पांचदां येतात, त्यांत दोन पातीं परस्परविरुद्ध हलतात; ते खिळीवर निघून जातात आणि पातें जणूं बिजागरीवर बसविल्यासारखें वागतें. जे फेऱ्यास दोनदां, चारदां येतात, त्यांत दोन्ही पातीं एकदम वर व एकदम खालीं. त्यांच्यापुरतें तेंच पातें भिंतींत चिणलेल्या पहारीसारखें. एकच पातें, एकच खिळी. विषम हेलकाव्यांस सैल आणि सम हेलकाव्यांस ताठ. दोन पात्यांच्या चक्राचें सगळें रहस्य या एका वाक्यांत आहे. लांबून येणाऱ्या अशा यंत्राचा जो जड ‘धप् धप्’ नाद ऐकूं येतो आणि आंत बसणाऱ्याला जी फेऱ्यामागें दोनदां थरथर जाणवते, ती या जातकुळीची ओळखच होय.

मग यंगनें या उरलेल्या ताणाचें काय केलें? दोन गोष्टी केल्या. उचल आणि ओढ यांचा तोल पातें दोनेक अंश वर असतां साधतो हें आपण पाहिलें. त्यानें जुवांतच पातीं तेवढ्या कोनांत वर वळवून बसविलीं, म्हणजे नेहमींच्या उड्डाणांत जुवाला स्थिर वांक जवळजवळ उरत नाहीं. दुसरी युक्ति अधिक नाजूक. पातीं वर वळलेलीं असल्यामुळें त्यांचा भार खिळीच्या वरच्या पातळींत जातो. मग चक्र कललें कीं एक पातें दंडाच्या जवळ व दुसरें दूर, आणि पुन्हां तोच फुगडीचा खेळ, तोच धारेच्या अंगाचा वांक. म्हणून त्यानें जूं खिळीच्या खालीं लोंबतें ठेविलें. वर वळलेल्या पात्यांचा भार बरोबर खिळीच्या पातळींत आला. आतां चक्र कसेंहि कललें तरी दोन्ही पातीं दंडापासून सारख्याच अंतरावर. धारेच्या अंगाचा फेऱ्यास एकदां येणारा ताण यानें पुष्कळच उतरतो. ज्या दुखण्यानें हॅम्बलचें पातें घेतलें, त्यावर यंगचा उपाय एवढाच: खिळी चार बोटें वर, जूं चार बोटें खालीं.

या चक्राचें बेल ४७ हें हेलिकॉप्टर ८ डिसेंबर १९४५ रोजीं उडालें, आणि ८ मार्च १९४६ रोजीं त्यास नागरी वापराचा परवाना मिळाला. जगांत असा परवाना मिळालेलें तें पहिलें हेलिकॉप्टर. आरंभींच्या यंत्रांचीं पातीं लांकडाच्या पट्ट्या एकमेकींस चिकटवून केलेलीं होतीं. अशीं यंत्रें पुढें पांच हजारांहून अधिक झालीं, कोरियाच्या युद्धांत त्यांनीं हजारों जखमी वाहिले, आणि त्यांतलें एक न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत टांगलेलें आहे. १९५६ सालीं उडालेलें आणि व्हिएतनामच्या युद्धांत नांवारूपास आलेलें ह्यूई हें याच कावडीचें थोरलें रूप.

फ्रँक रॉबिन्सन या इंजिनियरानें १९७० च्या दशकांत यांत आणखी एक भर घातली. मधली खिळी ठेवून त्यानें प्रत्येक पात्याच्या मुळाशीं एकेक आडवी बिजागरी दिली. कावडीची दांडी मधोमध टांगलेली, आणि शिवाय दोन्ही बाजूंस सांधे! या सांध्यांमुळें पातीं आपापला वरचा कोन आपणच शोधून काढतात. भार कमी झाला कीं थोडीं खालीं, वाढला कीं वर, आणि यंगच्या ठरीव कोनांत न बसणारा जो वांक जुवावर पडे तोहि उतरतो. जूं हलकें झालें, यंत्र स्वस्त झालें. १९७९ सालीं परवाना मिळालेलें त्याचें आर-२२ हें लहान हेलिकॉप्टर जगभर शिकाऊ वैमानिकांच्या हातीं गेलें. तरीहि थकव्याचा हिशेब चुकत नाहीं: त्याचीं पातीं २,२०० तास किंवा १२ वर्षें, यांपैकीं जें आधीं भरेल तेव्हां, दिसावयास धडधाकट असलीं तरी काढून टाकावयाचीं असतात.

येथवर ऐकून कोणास वाटेल कीं, कावडीनें सगळेंच जिंकलें. आतां तिची किंमत सांगतों. खिळी चक्राचा वांक दंडाकडे जाऊं देत नाहीं, हा तिचा गुण. पण वैमानिकाची आज्ञा यंत्राच्या धडाला पोंचते ती कोणत्या वाटेनें? बिजागऱ्या दंडापासून थोड्या दूर असलेल्या चक्रांत चक्र कललें कीं तें धडाला कांहींशा जोरानें आपल्याबरोबर वळवितें. कावडींत ती वाटच बंद. चक्र कललें तर त्याची उचल तिरपी होते, आणि त्या तिरप्या उचलीला लोंबकळणारें धड तिच्या मागें येतें, इतकाच संबंध. उचलच नाहींशी झाली तर? वैमानिकानें वर चढतां चढतां यंत्राचें नाक एकाएकीं खालीं दाबलें, म्हणजे झोंपाळ्याच्या वरच्या टोंकास आपल्याला जसें हलकें वाटतें तसें सारें यंत्र क्षणभर हलकें होतें आणि चक्रावरचा भार जातो. खड्ड्यांत उडी घेतलेल्या माणसाच्या खांद्यावरून कावड जशी उचलली जावी, तशी ती अवस्था. शेपटीचा पंखा मात्र आपला जोर लावीतच असतो, आणि धड एका कुशीवर वळूं लागतें. घाबरलेला वैमानिक दांडा उलट बाजूस ढकलतो. चक्र आज्ञेप्रमाणें कलतें, धड ऐकत नाहीं, दोहोंमधला कोन वाढत जातो, आणि जूं दंडावर आदळतें. एकदोन आघातांत दंड तुटतो.

अमेरिकन सैन्याला ह्यूई यंत्रांत हें शिकावें लागलें. रॉबिन्सनच्या यंत्रांचे असे अपघात वाढल्यावर १९९५ सालीं अमेरिकेंत त्यांच्या वैमानिकांसाठीं निराळ्या शिक्षणाचा नियम करण्यांत आला. वैमानिकाच्या चुकीकडे बोट दाखविणें सोपें आहे. तथापि मला तर असें दिसतें कीं, जी खिळी पात्याचा ताण दंडाला पोंचूं देत नाहीं, तीच वैमानिकाचा हुकूमहि पोंचूं देत नाहीं, आणि हीं दोन नसून एकच गोष्ट आहे. यंगनें ताण जेथून काढला तेथून अधिकारहि निघून गेला. तो तीस वर्षांनीं कोणाच्या तरी डोक्यावर येऊन बसला.

याच्या उलट टोंकाचें उदाहरण आपल्या देशांत आहे. बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्स कारखान्यानें पूर्वीं परवान्यावर चेतक हेलिकॉप्टर बांधलें, तें तीन पात्यांचें आणि बिजागऱ्यांचें. तेथेंच तयार झालेलें ध्रुव ऑगस्ट १९९२ मध्यें प्रथम उडालें. त्याला चार पातीं आहेत आणि बिजागरी एकहि नाहीं. कांचतंतु व कर्बतंतु यांचा जो मूळभाग असतो, तोच सिएर्वाच्या प्रतिकृतींतील वेताप्रमाणें लवतो. चक्र धडाला हुकूम देतें, आणि तो हुकूम म्हणजेच वांक, मूळभागानें व दंडानें निमूटपणें सोसावयाचा असतो. असे तंतु पूर्वीं नव्हते म्हणून बिजागऱ्या होत्या, असें म्हटलें तरी चालेल.

आतां आपल्या विदर्भाकडे. ऑगस्ट २०२१ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांतल्या महागांव तालुक्यांत, फुलसावंगी येथें, पत्र्याचें व जोडकामाचें काम करणाऱ्या एका तरुण कारागिरानें स्वतःच्या हातांनीं हेलिकॉप्टर बांधलें होतें. मोटारीचें इंजिन, घरीं जोडलेला सांगाडा, आणि मागें दोनेक वर्षांचें रात्रंदिवस काम. स्वातंत्र्यदिनीं तें लोकांस दाखवावें असा त्याचा मानस होता. त्यापूर्वीं कांहीं दिवस, रात्रीच्या वेळीं, तो आंत बसून जमिनीवरच इंजिन चालवून पाहत असतां शेपटीचें पातें तुटलें, तें वरच्या चक्रावर आदळलें, आणि वरचें पातें त्याच्या डोक्यास लागलें. त्यांतच तो गेला. वृत्तपत्रांनीं त्याच्या जिद्दीचें कौतुक केलें आणि दोन दिवसांनीं विषय मिटला.

त्याला काय ठाऊक होतें आणि काय नव्हतें हें ठरविण्याचा अधिकार मला नाहीं, आणि तें पातें नेमकें कशानें तुटलें हेंहि मी सांगत नाहीं. सामान्यपणें एवढें खरें कीं, लहान हेलिकॉप्टरांत शेपटीचा पंखा मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेतो. म्हणजे वर ज्या थकव्याचा हिशेब हजार तासांचा मांडला, तो येथें सहा ते आठपट लवकर भरतो. ताण सर्वांत अधिक असतो तो मुळाशीं, आणि बोल्टासाठीं भोंक पाडावयाचें, जोडकाम करावयाचें, तेंहि मुळाशींच. भोंकाच्या कांठीं ताण गोळा होतो. जोडाच्या आंचेनें धातु तेथेंच हळवी होते. शेपटीचा पंखाहि बहुतेक लहान यंत्रांत दोन पात्यांची एक छोटी कावडच असतो, आणि तिलाहि मधोमध झुलावयास खिळी लागते. ही माहिती गुप्त नाहीं. ती पुस्तकांत आहे, परंतु तीं पुस्तकें इंग्रजींत आहेत. फुलसावंगीच्या किंवा आमगांवच्या जोडकामाच्या दुकानांत जी भाषा चालते, तींत हा विषय फारसा आलेला नाहीं.

आर्थर यंगहि एकटाच काम करी, पेनसिल्व्हेनियांतील पाओली येथल्या एका जुन्या कोठारांत. १९२८ च्या सुमारास त्यानें आरंभ केला, आणि मोठें यंत्र त्याच्याहि हातून मोडलें. मग तो मागें फिरला आणि विजेच्या मोटरीवर चालणाऱ्या लहान लहान प्रतिकृति करूं लागला. तारेच्या दुसऱ्या टोंकाशीं, दूर उभा राहून, तो त्या उडवी. पातें तुटे, प्रतिकृति आपटे, तो तुकडे गोळा करून कोणता सांधा गेला तें पाही आणि दुसरी बांधी. १९४१ सालीं बेलच्या कारखान्यांत तो गेला तेव्हां त्याच्यापाशीं होती ती प्रतिकृतिच, आणि मागें होतीं बारा वर्षांचीं मोडलेलीं पातीं. त्याच्या चक्राचें पहिलें मोठें यंत्र २९ डिसेंबर १९४२ रोजीं, बफेलोजवळ, जमिनीवरून थोडेंसें वर उठलें. त्या दिवशींहि तें दोरांनीं खालीं बांधून ठेविलेलें होतें.